गोजरबाईंची गहाणाची घरं

आमच्या इमारतीतले एक गृहस्थ रोज सकाळी गच्चीवर फेऱ्या मारतात आणि कानात बोंडं घालून मोबाईलवर कुणाचं तरी व्याख्यान ऐकतात. एकदा मी पापड वाळत घालताना विचारलं, एवढं काय ऐकता हो? तर म्हणाले, "वहिनी, जागेच्या व्यवहारात सुरुवात कशी करायची, ते. आणि तुम्हाला गंमत सांगतो, अमेरिकेत म्हणे लोक दुसऱ्याचे गहाणाचे कागद विकत घेतात आणि त्यावर जगतात." मला हसू आवरेना. एवढ्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं, आमच्या भिंगारला जायचं की. तिथे माझी सासू आयुष्यभर तेच करत होती, आणि तिने कानात बोंडं नाही घातली, उलट दुसऱ्यांच्या कानाशी बोंबलून व्यवहार केले.

गोजरबाई तिचं नाव. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, मीही तसंच म्हणायचे. मनातल्या मनात काय काय म्हणायचे ते लिहिण्यासारखं नाही. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होत आली. एसटीच्या पाट्यांवर अहिल्यानगर आलं तरी त्या शेवटपर्यंत "नगराला जाऊन येते" म्हणायच्या, आणि भिंगारपासून हाकेवर असलेल्या नगरला जाताना भाकरी बांधून घ्यायच्या. या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आत्याबाई, हे घर आपल्या नावावर आहे. त्यांनी विचारलं, "कागद कुटं हाय?" म्हटलं, कर्ज फिटेपर्यंत बँकेत. त्या खुदकन हसल्या. "मंग हेबी गहानच की गं. फकस्त औंदा आपून पल्याडच्या बाजूला बसलो."

त्यांचं माहेर जामखेड तालुक्यातलं, कोरडवाहू. दसरा झाला की आईबाप गाडी जुंपून कोपरगावच्या बाजूला ऊस तोडायला निघायचे, आणि ही पोरगी गाडीत भांड्यांच्या वर. कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, उभी करायची, शिमग्याच्या सुमारास हंगाम संपून पट्टा पडला की मोडायची. "आमी घरं लई बांधली," त्या सांगायच्या. "दर साली एक." हे सांगताना त्या हसायच्या, आणि ऐकणाऱ्यालाही हसावं लागायचं, कारण त्यांना कीव आवडत नसे. लग्न होऊन भिंगारला आल्या. माझे सासरे वैजनाथ लष्करी डेपोत कामाला होते आणि राहायला क्वार्टर होतं, दगडी भिंतींचं, कौलारू, दारात नळ असलेलं. तिथे त्यांना पहिल्यांदा कळलं की शिमगा होऊन गेला तरी घर जागेवर राहू शकतं.

सासरे नोकरीत असतानाच आजारी पडून गेले. हर्षल, म्हणजे माझा नवरा, तेव्हा शाळेत होता. क्वार्टर रिकामं करायला सांगितलं गेलं आणि हातात एकरकमी पैसे आले. मग काय, गुळाला मुंगळे! कुणी म्हणालं सोनं घ्या, कुणी म्हणालं पतपेढीत टाका, गावाकडून दीर आले आणि म्हणाले, वहिनी, मी सांभाळतो. आत्याबाईंचं त्यावरचं मत ठरलेलं होतं. "दिराला दिलं असतं तर दीर सांभाळला असता, पैसं न्हाई."

त्याच सुमारास भिंगारच्या बाजारामागचे सूर्यभान शिंपी, जे जवानांचे गणवेश शिवायचे, त्यांना नव्या मशिनी घ्यायच्या होत्या. त्यांनी आपल्या दोन खोल्या आत्याबाईंना गहाण देऊ केल्या. हा प्रकार आमच्या भागात जुना आहे, पण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मालकाला पैशाची गरज असते, तुम्हाला घराची. तुम्ही त्याला एकरकमी पैसे द्यायचे, त्याने तुम्हाला घराचा ताबा द्यायचा. घराला भाडं नाही आणि पैशाला व्याज नाही. मुदत पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, बहुतेक तीन वर्षांची. मुदत भरली की त्याने पैसे जसेच्या तसे परत करायचे आणि तुम्ही घर जसंच्या तसं.

आत्याबाईंनी खोल्या तीनदा पाहिल्या. एकदा दुपारी, एकदा नळाला पाणी यायच्या वेळी आणि एकदा पावसात, छत्री न घेता. मग विचारलं, "सूर्यभानभाऊ, तुमाला भैनी किती?" सूर्यभान म्हणाले, दोन, पण त्यांचं काय? "त्यांच्या सह्या लागतील." शिंपीमहाराज चिडले, बहिणींना बोलवायला खर्च येतो म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, खर्च मी देते, पण सह्या झाल्याबिगर पैसं न्हाईत. बहिणी आल्या, सरकारी कचेरीत दस्त झाला, आणि माझ्या सासूचा जागेच्या धंद्यात असा प्रवेश झाला.

जे भाडं वाचलं ते त्यांनी खाल्लं नाही. डेपोच्या मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम धरलं आणि काही वर्षांत दुसरं एक घर गहाण घेतलं, ते भाड्याने दिलं. मग त्यांना तिसरीच युक्ती सापडली. एका निवृत्त हवालदाराने भिंगारमध्ये घर गहाण घेतलं होतं, पण मुदत संपायच्या आतच त्याला गावी जायचं होतं आणि मालकाकडे तर दमडी नव्हती. आत्याबाई म्हणाल्या, मी देते तुमचं पैसं, थोडं कमी देईन, पण आज देते. हवालदार खूश, मालकाला तर काही फरकच नाही. मुदत संपली तेव्हा पुरी रक्कम आत्याबाईंना मिळाली, आणि तोवर घरही त्यांच्याच ताब्यात. याला त्या "गहान फिरवून घेनं" म्हणायच्या. "लोकं बैल इकत घेत्यात, मी मुदत इकत घेते," असं सांगताना त्यांना स्वतःचंच कौतुक वाटायचं, आणि का वाटू नये!

गहाण सुटायच्या दिवशी भिंगारच्या आमच्या गल्ल्यांत एक रीत होती. कुणी पाडली देव जाणे. मालकाने पैसे दिले की घरात राहणाऱ्याच्या हातात नारळ द्यायचा. राहणाऱ्याने तो उंबऱ्यावर फोडायचा, एक वाटी घरात ठेवायची, दुसरी आपल्याबरोबर न्यायची. नारळ फुटला की घर सुटलं. मग त्या घरात एक रात्रही काढायची नाही. इतर ठिकाणी नोकराला काढायचं झालं की नारळ दिला म्हणतात, आमच्याकडे मात्र खरोखरचा नारळ मिळायचा, आणि दर तीन वर्षांनी मिळायचा.

मी कोपरगावची. वडील साखर कारखान्यात, दारात आंब्याची दोन झाडं, घर आजोबांनी बांधलेलं. लग्न ठरवताना मुलाकडचं घर पाहिलं ते ऐसपैस होतं, माझ्या आईला फार आवडलं. ते गहाणाचं आहे हे मला मांडवपरतणीनंतर कळलं, आणि मुदत संपायला चारच महिने राहिलेत हेही. पहिला पाडवा मी नव्या नवरीचं कौतुक सोडून टेम्पोत गाद्यांवर बसून साजरा केला. माझी मुलगी अश्विनी जन्मली एका घरात आणि तिचं बारसं दुसऱ्या घरात. आत्याबाईंचे नियम तर असे होते की विचारू नका. गहाणाच्या घरात खिळा ठोकायचा नाही. तुळस कुंडीत लावायची, जमिनीत नाही. भिंतीला रंग द्यायचा नाही, पण निघताना चुना मात्र आपल्या खर्चाने मारून द्यायचा. मी म्हणायचे, का हो, आपण निघाल्यावर कशाला? तर म्हणायच्या, "त्यांची लक्षुमी हाय. मळक्या लुगड्यानं सासरी धाडायची का?"

आज आठवते तेव्हा ती सगळी घरं एकामागून एक डोळ्यांसमोर येतात आणि मला खरंच भरून येतं. तेव्हा मी प्रत्येक घरात धुसफुसत राहिले, पण आता हा सहाव्या मजल्यावरचा डबा एखाद्या दिवशी त्यांतल्या कुठल्याही घराशी बदलून टाकीन. बाजारामागचं एक घर, जिथे सकाळी खालच्या भट्टीतल्या पावाचा वास वर यायचा आणि अश्विनी झोपेतच हात पुढे करायची. एक घर अगदी छावणीच्या कुंपणाला लागून होतं, तिथे पहाटे बिगूल वाजला की आत्याबाई उठून म्हणायच्या, "उठा, सरकारनं बोलीवलंय." एका घरात तीन कुटुंबांत एकच नळ, आणि त्या नळावरच मला जन्माच्या दोन मैत्रिणी मिळाल्या. प्रत्येक घर सोडताना आत्याबाई सगळ्या खोल्यांतून एकदा फिरायच्या, भिंतीवरून हात फिरवायच्या आणि "बराय, येतो आमी" असं घरालाच सांगायच्या. मला तेव्हा लाज वाटायची, शेजारीपाजारी बघताहेत म्हणून.

आणि मग बनुबाईचं घर आलं. बनुबाई म्हणजे आत्याबाईंच्याच वयाची एक विधवा. तिचा एकुलता एक मुलगा अंगद पुण्याच्या बाजूला मालवाहू टेम्पो चालवायचा. त्याला स्वतःचा टेम्पो घ्यायचा होता म्हणून त्याने आईला समजावून घर गहाण काढलं आणि आईला भोसरीला आपल्या खोलीवर नेलं. घर मोठं होतं. आत्याबाईंनी बाकीची गहाणं सुटतील तशी सोडवून घेतली आणि सगळा पैसा या एका घरात ओतला, कारण त्यानंतर त्यांना हा धंदा थांबवायचा होता. गुडघे बोलायला लागले होते. हर्षलला एमआयडीसीत कायम केलं होतं, आणि मी तर दिवसातून तीनदा एकच पालुपद लावलं होतं: आता पुरे, आता स्वतःचं घर.

तेवढ्यात आम्ही केडगावला एक फ्लॅट पाहिला. तिसरा मजला, पूर्वेची खिडकी, समोर मोकळं रान. मी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून कुठे काय ठेवायचं ते हर्षलला सांगत होते आणि त्यांचे डोळे ओले झालेले मी पाहिले. इसार दिला. उरलेली पहिली रक्कम पाडव्यानंतर महिनाभरात भरायची होती. ती रक्कम म्हणजे अंगदकडून येणारा गहाणाचा पैसा. दुसरीकडून काही येण्यासारखं नव्हतं. सगळं त्या एका पाडव्यावर लटकलेलं.

बनुबाई अधूनमधून यायची. निराधार योजनेचे पैसे भिंगारच्या खात्यात जमा होतात, ते काढायला येते असं सांगायची, पण बँकेत पाच मिनिटं आणि आमच्या ओट्यावर दिवसभर. "भोसरीत गॅलरीत झोपते मी," तिने एकदा सहज सांगितलं. "सुनंचा दोष न्हाई बाई, जागाच तेवढी हाय." मग आत डोकावून विचारायची, "चूल पेटती का गं अजून? धूर मागल्या भिताडाकडं जातोय का?" मी गॅसवर स्वयंपाक करायचे, चुलीचं मला काय ठाऊक! मला तिचं ते घरभर बघणं आवडायचं नाही, अगदी स्पष्ट सांगते. पण आत्याबाई तिला चहा द्यायच्या, आणि दोघी म्हाताऱ्या तासन्तास बसायच्या.

पाडवा आला. अंगद महिनाभर फोनवर सांगत होता, काकू, काळजी करू नका, पाडव्याला पैसे टाकतो. सकाळी आम्ही गुढी उभारली. हर्षल श्रीखंड आणायला बाहेर गेले होते. मी दाराला तोरण बांधत होते तोच गल्लीच्या तोंडाशी बनुबाई दिसली. एकटीच. एका हातात कपड्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात नारळ.

ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "गोजरबाई, अंगदनं पैसं टाकल्यात मोबाईलवर. म्हनला, तू जा म्होरं." आणि नारळ पुढे केला.

मी म्हटलं, "थांबा हं, ह्यांना फोन करून विचारते, आले का ते." फोन आत होता. मी आत वळले, चार पावलं गेले असेन, तेवढ्यात मागे ठक्कन आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर आत्याबाई उंबऱ्याशी बसलेल्या, दगडावर नारळ दोन शकलं होऊन पडलेला आणि पाणी पायरीवरून खाली चाललेलं.

हर्षलच्या खात्यात एक रुपया आलेला नव्हता. अंगदचा फोन बंद.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण सगळ्या गल्लीने ऐकलं. मी म्हटलं, आत्याबाई, बहिणींच्या सह्या झाल्याशिवाय पैसे न देणाऱ्या तुम्ही, आज एवढी कशी भूल पडली? आधी पैसे, मग नारळ, हे तुम्हीच शिकवलंत ना? बनुबाई ओट्याच्या कोपऱ्यात गाठोडं मांडीवर घेऊन खाली बघत बसली होती. आत्याबाई शांतपणे उठल्या, एक वाटी देवापुढे ठेवली, दुसरी पदरात बांधली.

"नारळ फुटलाय," त्या म्हणाल्या. "आता हितं पानी प्यायचं तरी बनुबाईला इचारून."

संध्याकाळपर्यंत आम्ही निघालो. नागरदेवळ्याला दोन खोल्या मिळाल्या, भाड्याने. सकाळी मीच उभारलेली गुढी दुसऱ्याच्या घरावर तशीच उभी होती, आणि टेम्पो वळेपर्यंत मी तिच्याकडे बघत होते. आत्याबाईंनी त्या दिवशीही सगळ्या खोल्यांतून हात फिरवला, चुना मारायला वेळ नाही याची त्यांना हळहळ वाटली. मला त्यांचा इतका राग आला होता की टेम्पोत मी त्यांच्याकडे पाठ करून बसले.

केडगावचा फ्लॅट गेला. इसारातलं निम्मं कापून परत मिळालं. ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी मी भाकरी थापता थापता म्हटलं, "तुमच्या नारळापायी माझं घर गेलं." मला वाटलं होतं त्या काहीतरी उलट बोलतील, म्हणजे मला आणखी भांडता येईल. त्या म्हणाल्या, "व्हय, गेलं." आणि तव्यावरची भाकरी उलटली. यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हर्षल म्हणाले वकिलाकडे जाऊ, कागद तर आपल्याकडे आहे, दस्त नोंदवलेला आहे. आत्याबाई नाही म्हणाल्या. "नोटीस कुटं जाईल? त्याच घरावर जाईल. हातात कोन घील? बनुबाई." मी म्हटलं, मग घेऊ दे की! तिच्या मुलाने केलंय. "कागद कुटं पळून जात न्हाई," एवढंच त्यांचं उत्तर. जन्मात कधी भाडं न भरलेली माझी सासू दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पोळ्या लाटून मिळालेल्या पैशांतून भाडं काढून ठेवायची, आणि घरमालकाला देताना तिचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा. आणि आठवड्याच्या बाजाराला भिंगारला गेली की बनुबाईकडे बसून यायची. मी कधीच बरोबर गेले नाही.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात निरोप आला की बनुबाई अंथरुणाला खिळली आहे आणि मला बोलावते आहे. आत्याबाईंना नाही, मला. मी कुरकुरत गेले. घर ओळखू येईना. सारवलेलं अंगण, चुलीला पोतेरं दिलेलं, मागच्या भिंतीवर धुराचा काळा पट्टा, सगळीकडे गोवऱ्यांचा आणि कुळथाचा वास. शेजारीण तिच्या सांगण्यावरून कुळथाच्या पिठाचे शेंगोळे करत होती, आणि ही अंथरुणातूनच ओरडत होती, "लसूण वाढीव, कंजूषपना करू नगंस."

मी जवळ बसले.

"पोरी, पैसं आलं न्हवतं," ती म्हणाली.

"ते आम्हाला त्याच दिवशी कळलं, मावशी. अंगदभाऊंनी तुम्हालाही फसवलं."

"अंगदनं न्हाई फसीवलं मला. त्यो म्हनला हुता, आई, पैसं न्हाईत, तू जाऊन मुदत वाढवून माग. मी येष्टीत बसले. नगराच्या स्टँडवर उतरले आन् नारळ घेतला." तिचा श्वास लागला, ती थांबली. "मला गॅलरीत मरायचं न्हवतं गं."

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. विचारलं, "मग आत्याबाई फसल्या, असंच ना?"

बनुबाई हसली. दात नव्हते, पण हसू मोठं होतं. "तुजी सासू? ती कवा फसलीय? नारळ म्होरं केला तवा माज्या तोंडाकडं बघितलं तिनं. तू आत पळालीस फोन आनाय, तशी माज्या कानाशी म्हनली, लवकर द्या, सून यायच्या आत." आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, "हिला वाढ. माज्या चुलीवरचं खाऊ दे."

मी शेंगोळे खाल्ले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते लसणाच्या नावावर खपवलं. घरी आले तेव्हा आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी मान वर केली, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "जेवलीस का तितं?" हो म्हटलं. "झ्याक झालं," म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि अर्ध्या शेंगा माझ्याकडे ओढून घेतल्या. दीड वर्षांनी आम्ही दोघी पहिल्यांदा एका परातीशी बसलो होतो.

बनुबाई श्रावणात गेली, आपल्या घरात, चुलीजवळच्या खोलीत. दिवस घातल्यावर काही महिन्यांनी अंगदने घर विकायला काढलं. घेणाऱ्याच्या वकिलाने कागद तपासले तेव्हा आमचं गहाण तसंच उभं होतं, आणि आत्याबाईंच्या सहीशिवाय घर विकता येईना. कागद कुठे पळून जात नाही हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं. घराचा भाव तोवर कितीतरी वाढला होता. हर्षल म्हणाले, आई, आता तू म्हणशील ते द्यावं लागेल त्याला. मीही माणूसच आहे. केडगावची ती पूर्वेची खिडकी मला अजून स्वप्नात दिसायची, आणि दोन वर्षांचं भाडं तरी त्याच्याकडून वसूल करायचंच असं ठरवून मी आत्याबाईंबरोबर नगरच्या नोंदणी कचेरीत गेले.

अंगद आधीच येऊन बसला होता. दाढी वाढलेली, आईच्या नंतर एकदम पोक्त झालेला. त्याने आत्याबाईंचे पाय धरले. गहाणाची मूळ रक्कम आदल्या दिवशीच खात्यात आली होती. तरी तो खिशातून एक पाकीट काढून पुढे करत म्हणाला, "काकू, हे वेगळं आहे. मुदतीनंतरचं व्याज समजा. नाही म्हणू नका, मला झोप लागत नाही."

मी हात पुढे करणारच होते. आत्याबाईंनी माझा हात दाबून धरला.

"गहानाला याज नसतंय, बाबा. पैशापायी घर वापराय मिळतं, तेच याज."

"पण काकू, तुम्ही कुठे वापरलं? तुम्ही तर भाड्याच्या खोलीत होतात. घर आईने वापरलं."

"मंग झालं की," आत्याबाई म्हणाल्या. "तिनं वापरलं न्हवं?"

आतून कारकुनाने नावाचा पुकारा केला. अंगद पाकीट तसंच हातात घेऊन, भर कचेरीत, लहान पोरासारखा रडायला लागला. आणि भांडायला गेलेली मी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याच्याइतकीच रडत उभी राहिले. आत्याबाई मात्र आत गेल्या, कॅमेऱ्यासमोर पदर नीट केला, अंगठा दिला, आणि ते घर सोडलं.